हर्क दाइच्या सह्या

दलमान माझीने चौदा वर्षांची नदी एका शनिवारी दुपारी, एका बैठकीत, एकाच निळ्या पेनाने लिहून काढली.

लिहिण्याशी त्याचं कधी फारसं जमलं नव्हतं. नेपाळातल्या त्रिशूली नदीवर राफ्ट चालवणाऱ्या माणसाला पेन लागतं ते पाहुण्यांच्या यादीपुरतं, आणि तिथंही नाव पाहुणाच लिहितो. पण नॉर्वेच्या लोकांना वही हवी होती. कुठल्या तारखेला, कुठल्या नदीवर, किती पाहुणे नेलेस, त्या दिवशीचा मुख्य गाईड कोण आणि त्याची सही कुठाय. वही नसेल तर तिकडची कचेरी परवाना देत नाही, आणि परवाना नसेल तर व्हिसा नाही. हे सगळं त्याला टेकेन्द्र पुनने सांगितलं होतं. टेके सहा उन्हाळे नॉर्वेत काढून आलेला, त्यामुळे त्याचा शब्द म्हणजे घाटावर शेवटचा शब्द. इथं असारात, म्हणजे आषाढात, पूर आला की राफ्टी हवा काढून गोदामात पडतात आणि गाईड घरी मका खुरपत बसतात. तिकडे नेमक्या त्याच दिवसांत बर्फ वितळून नद्या भरतात आणि गाईड कमी पडतात.

दलमानला हे काम हवं होतं. तोंडाने तो कितीही "झालं तर झालं" म्हणत असला, तरी त्याचा जीव टांगणीला लागला होता. अडतीस वर्षं झाली होती, डावा गुडघा कुरकुरायला लागला होता, आणि चाळिशीनंतर नव्या माणसाला तिकडे कोणी विचारत नाही, हेही टेकेनेच सांगितलं होतं. पोरगी नववीत होती, तिला पुढच्या वर्षी शहरात ठेवायची होती. म्हणजे यंदा नाहीतर कधीच नाही.

म्हणून तो पडवीत मांडी घालून बसला आणि आठवून आठवून लिहू लागला. दसैंच्या, म्हणजे दसऱ्याच्या, आधीचे चार दिवस इस्रायलची पोरं. तिहारच्या दिवाळीनंतर कोरियाचे म्हातारे, त्यातल्या एकाची कवळी पाण्यात गेली होती. ज्या दिवशी बस मुगलिंगला बंद पडली आणि राफ्ट डोक्यावर घेऊन चालत आलो, तो दिवस. त्याची बायको सुनमाया मधेच येऊन डोकावली.

"लग्नाची तारीख विचारली की डोकं खाजवता. आणि कोरियाच्या म्हाताऱ्याची कवळी कुठल्या तिथीला पडली ते बरं ध्यानात!"

"तुझी कवळी पडू दे, तीपण लिहून ठेवतो."

नेपाळी सालाचं इंग्रजी साल करायचं तर सत्तावन्न वजा करायचे, एवढं त्याला ठाऊक होतं, आणि ते त्याने इमानेइतबारे केलं. वहीतला एकही दिवस खोटा नव्हता. संध्याकाळपर्यंत बाकीचे गाईड चहाला येऊन आपापल्या दिवसांवर सह्या करून गेले. पण निम्म्याहून जास्त दिवसांचा मुख्य गाईड होता हर्क दाइ, आणि हर्क दाइला जाऊन पाच वर्षं झाली होती. घाटावर वयाने मोठा तो दाइ, म्हणजे थोरला भाऊ, आणि दलमानला नदी शिकवली ती या दाइनेच. त्याची सही दलमानला पाठ होती. त्याने ती केली. चारशे बारा वेळा केली. शेवटी शेवटी तर बोटं आपोआप वळायला लागली आणि त्याचं त्यालाच कसंतरी झालं.

वहीबरोबर एक अर्जही होता. त्यात एक प्रश्न होता: तुम्ही काम केलेल्या सफरीत कोणाचा जीव गेला आहे का?

"'नाही' लिही," टेके म्हणाला. "'हो' लिहिलंस की पुढचं पान कोणी उलटत नाही."

दलमानने 'नाही' लिहिलं. आणि मंसिर महिन्याची चौदा तारीख, हर्क दाइ गेला त्या सालची, वहीत लिहिलीच नाही.

चैतात नॉर्वेहून इंगविल्ड आली. पन्नाशीची, आखूड पांढऱ्या केसांची, खांद्याने रुंद आणि बोलायला कंजूष. तिकडच्या नदीवरची ती मुख्य गाईड. दर साली ती इकडे येऊन एक-दोन माणसं निवडून जायची. आज परीक्षा आणि उद्या सकाळच्या बसने काठमांडू, म्हणजे जे काही व्हायचं ते आजच.

परीक्षा म्हणजे निव्वळ तमाशा असतो. राफ्टमध्ये पाहुणे म्हणून दुसरे गाईडच बसतात, आणि जगातले सगळ्यात वाईट पाहुणे व्हायचं एवढंच त्यांचं काम. 'पुढे' म्हटलं की मागे वल्हवायचं, 'खाली बसा' म्हटलं की उभं राहायचं, कारण नसताना पाण्यात पडायचं. टेके तर अशा वेळी अंगात आल्यासारखा करतो. तो काठमांडूचा सावकार झाला होता.

"ए गाईड, या नदीत मगर आहे का?"

"नाही हजूर."

"नाही? मग तिकीट कशाचं घेता? आणि हे पाणी इतकं गार का ठेवलंय?"

दलमानने ओंजळभर पाणी तीनदा डोक्यावर शिंपडलं, नदीला हात जोडले आणि राफ्ट लोटली. नदीवर त्याला कधीच भीती वाटायची नाही, भीती काय ती कागदांची. पहिल्याच खळाळात सावकार नको तिथं पाण्यात पडला, मागच्या दोघांनी उलटं वल्हवलं, एकजण आईच्या नावाने गळा काढून बसला. दलमानचा आवाज चढला नाही. पाहुण्याला दगड दाखवू नकोस, वाट दाखव, असं हर्क दाइ सांगायचा. बोट जिकडे जातं तिकडेच माणूस बघतो आणि तिकडेच जातो. त्याने हाताने मोकळं पाणी दाखवलं, दोन शब्दांत राफ्ट वळवली, आणि टेकेला जॅकेटच्या खांद्यांना धरून मासा ओढावा तसा आत ओढून घेतला.

"माझं घड्याळ गेलं!" टेके ओरडला.

"भरून देऊ हजूर. आता वल्हं मारा."

अर्धी वाट संपली आणि पुढे बसलेली इंगविल्ड, कोणाला काही न सांगता, पाण्यात गेली. तेही जिथं प्रवाह कड्याखाली ओढतो तिथं. नाटक होतं की खरंच पडली, कोणालाच कळलं नाही. दलमानने विचार केलाच नाही. दोराची पिशवी सुटली आणि तिच्या छातीवर जाऊन पडली.

काठावर आल्यावर शाबासकी वगैरे काही नाही. तिने एवढंच विचारलं, "दोर डाव्या हाताने का टाकलास?"

"उजव्या हातात वल्हं होतं."

तिने मान हलवली. टेकेने तिच्या पाठीमागून दलमानला दोन्ही अंगठे दाखवले.

राफ्टी जिथं बाहेर काढतात त्या घाटावर दिलसरी भाउजूंचं जेवणाचं दुकान आहे. चार बाकं, वर पत्रा, समोर नदी. भाउजू म्हणजे वहिनी, हर्क दाइची बायको. दलमान चौदा वर्षं तिथं जेवत आला होता. दाइ गेल्यावरही दर फेरीला तिथंच जेवायचा, लाकडं फोडून द्यायचा, छपराचा पत्रा ठोकून द्यायचा. पण पाच वर्षांत त्या दिवसाबद्दल दोघांमध्ये अवाक्षर निघालं नव्हतं. त्यांनी विचारलं नाही, याने सांगितलं नाही. आपण त्यांच्या नजरेला नजर देत नाही, हे त्याला माहीत होतं, आणि त्यांनाही ते माहीत असणार असं त्याला वाटायचं.

भात आला, डाळ आली, गुंद्रुकची आंबट भाजी आणि तळलेले नदीचे मासे आले. इंगविल्डने एका हाताने जेवता जेवता वही उघडली. दोन पानं उलटली, चार उलटली, आणि तिचा घास हातातच राहिला. मग तिने वही टेकेपुढे सरकवली.

"मला हा माणूस नको."

टेकेचा चेहरा खाडकन उतरला. दलमानला इंग्रजी कामापुरतं येत होतं, आणि एवढं कळायला तेवढं पुरे होतं.

"नदीवर चांगला आहे," ती म्हणाली, "पण डोकं ठिकाणावर नाही. हे बघ. जुलै, ऑगस्ट, रोज नदीवर. भर पुरात! आठ-आठ पाहुणे घेऊन! आणि मार्च, एप्रिल, मे, पाणी सगळ्यात चांगलं असतं तेव्हा हा घरी झोपलेला. असा माणूस मी माझ्या राफ्टवर कसा ठेवू?"

टेकेने वही ओढून घेतली. वाचली. मग त्याने कपाळावर हात मारून घेतला.

"दाइ, हा सातवा महिना कुठला लिहिलायस?"

"कार्तिक. का?"

"कार्तिक सातवा?"

"बैसाखापासून मोज की. बैसाख, जेठ, असार, साउन, भदौ, असोज, कार्तिक. सात!"

"अरे देवा! साल इंग्रजी केलंस आणि महिने आपलेच ठेवलेस? गोऱ्यांचा सातवा महिना साउनात येतो, दाइ! साउनात तू सगळ्या जगाला त्रिशूलीत बुडवायला निघालायस!"

बाकांवरचे सगळे गाईड हसत सुटले. एकाला ठसका लागला. "आणि फागुन-चैत?" "ते नोव्हेंबर-डिसेंबर झाले!" टेकेने इंगविल्डला सगळा घोळ समजावला. तिने बोटांवर महिने मोजले, पुन्हा मोजले, आणि मग तीही हसली. दिवसभरात पहिल्यांदाच हसली. दलमान लाजून भात कालवत बसला, पण त्याच्या छातीवरचा दगड उतरला होता.

दगड उतरला, पण वही तिच्याच हातात राहिली, आणि आता ती एकेक तारीख नीट बघू लागली.

"चौदा वर्षं एकच पेन?" ती म्हणाली. मग जरा वेळाने, "हा हर्क कोण? चारशे दिवस याने तुला पाहिलंय. त्याला बोलाव, किंवा फोन लाव. मला त्याच्याशी दोन शब्द बोलायचेत."

कोणी हसेना. टेकेने घाईघाईत तोंड उघडलं.

"तो... तो दुबईला असतो आता. फोन लागत नाही त्याचा."

डाळीचं भांडं घेऊन आलेल्या भाउजू जागच्या जागी थांबल्या. त्यांना इंग्रजी येत नव्हतं. पण दोन शब्द कळायला भाषा लागत नाही, आणि त्यातला एक म्हणजे त्यांच्या नवऱ्याचं नाव.

"काय रे टेके," त्या म्हणाल्या, "माझ्या नवऱ्याला दुबईला कधी धाडलंस?"

टेकेला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. दलमान उठून उभा राहिला. हात भाताने भरलेला, तसाच. मोडक्यातोडक्या इंग्रजीत त्याने इंगविल्डला सांगितलं, आणि भाउजूंना कळावं म्हणून तेच आपल्या भाषेतही सांगितलं.

"हर्क दाइ वारला. पाच वर्षं झाली. सह्या माझ्या आहेत. दिवस खोटे नाहीत, दिदी. सह्या खोट्या आहेत."

इंगविल्डने वही मिटली. ती रागावली नव्हती, आणि त्याचंच दलमानला जास्त लागलं.

"तुझ्यावर विश्वास आहे माझा," ती म्हणाली. "पण ही वही मी नेऊ शकत नाही. ज्याने डोळ्यांनी पाहिलं, त्याची सही लागते. मेलेल्या माणसाची चालत नाही आणि तुझी तर नाहीच."

"काय म्हणते ती?" भाउजूंनी विचारलं. टेकेने खालमानेने सांगितलं.

"डोळ्यांनी पाहिलेला माणूस हवाय?" भाउजूंनी भांडं खाली ठेवलं. "मग मी काय आंधळी आहे? सगळ्या राफ्टी कुठं लागतात? माझ्या दारात! राफ्टी वळणावर दिसल्या की मी डोकी मोजायची. आपली किती, पाहुणे किती. मोजून झाली की डाळीला फोडणी द्यायची. रोज. विचार तिला, माझी सही चालते का. प्रौढांच्या वर्गात शिकलेय मी, अंगठेबहाद्दर नाही."

इंगविल्डने टेकेचं बोलणं पुरतं ऐकून घेतलं. खोट्या सह्या एकेक खोडायच्या, तारखा दुरुस्त करायच्या, आणि पानापानावर या बाईंनी सही करायची, प्रत्येक पान ऐकून. तसं असेल तर चालेल, असं ती म्हणाली.

मग जेवणं तशीच राहिली. दलमान हर्क दाइच्या सह्या खोडत गेला. टेके महिने बदलत गेला आणि मोठ्याने वाचत गेला, आणि भाउजू पदराला हात पुसून प्रत्येक पानाखाली 'दिलसरी माझी' असं आडनावासकट, सावकाश, एकेक अक्षर कोरत गेल्या. मधेच थांबवायच्या. "कवळीवाला म्हातारा? हो, हो. त्याला मी भात मऊ करून दिला होता." किंवा, "त्या दिवशी तुम्ही दोघे भांडून आला होतात. का रे भांडला होतात?" दलमान म्हणाला, दाइने माझी चप्पल नदीत टाकली होती. भाउजू हसल्या. माश्या भातावर बसत होत्या आणि कोणी त्यांना हाकलत नव्हतं.

हर्क दाइचं शेवटचं पान आलं.

"मंसिर तेरा," टेकेने वाचलं. "आठ पाहुणे. झालं, संपलं."

भाउजूंनी पेन उचललं नाही.

"आणि चौदा?"

दलमान नदीकडे बघायला लागला.

"चौदा कुठाय, भाइ? चौदाला तू आला नव्हतास?"

"लिहिली नाही, भाउजू."

"का?"

इंगविल्ड दोघांकडे आळीपाळीने बघत होती.

"लिही," भाउजू म्हणाल्या. "माझ्यासमोर लिही. मी त्या दिवशीपण डोकी मोजली होती."

त्याने लिहिलं. अक्षर वाकडंतिकडं आलं. मग त्याने वहीबरोबरच्या अर्जावरचं 'नाही' खोडून 'हो' लिहिलं, आणि इंगविल्डला इंग्रजीत सांगायला लागला. नोकरी गेली हे त्याने मनाशी धरलंच होतं. दोन राफ्टी होत्या. पुढची दाइची. ती उलटली, सहा पाहुणे पाण्यात पडले. एक पोरगी दगडाखाली ओढली जात होती, तिला दाइने ढकलून बाहेर काढलं आणि त्याचाच पाय दोन दगडांच्या फटीत अडकला. मी मागून येत होतो. माझ्या राफ्टमध्ये पाच पाहुणे होते. दाइचा हात पाण्याच्या वर दिसत होता. मला दिसत होता. मी आधी ती सहा माणसं वेचली, अकराच्या अकरा काठावर उतरवली, आणि मग दगडांवरून धावत वर गेलो. तोपर्यंत हात दिसेनासा झाला होता.

हे तो पाच वर्षांत कोणाजवळ बोलला नव्हता, सुनमायाजवळसुद्धा नाही. सांगून झाल्यावर तो भाउजूंकडे वळला, आणि तेच सगळं त्यांना आपल्या भाषेत सांगितलं. हाताचंही सांगितलं.

चुलीवर पाणी उकळत होतं.

"आधी त्याच्याकडे गेला असतास," भाउजूंनी विचारलं, "तर वाचला असता?"

"माहीत नाही, भाउजू. रोज विचार करतो. माहीत नाही."

"मलापण माहीत नाही." त्यांनी डोळ्यांना पदर लावला. "पण एवढं माहीताय, पाहुणे पाण्यात सोडून तू त्याच्याकडे गेला असतास ना, तर वाचून वर आल्यावर त्याने पहिली थोबाडीत तुझ्या मारली असती. तुझी चप्पल नाही, तुलाच नदीत टाकला असता!"

दलमान हसला आणि रडला, दोन्ही एकदम, लहान पोरासारखा. भाउजूंनी पेन उचललं आणि चौदा तारखेखाली सही केली. ही सही त्यांनी बाकीच्यांपेक्षाही सावकाश केली.

इंगविल्डने टेकेकडे बघितलं. टेके, ज्याच्या तोंडाला कधी कुलूप लागलेलं कोणी पाहिलं नव्हतं, तो नाक ओढत बसला होता. शेवटी भाउजू काय म्हणाल्या ते दलमाननेच सांगितलं. तिने ते ऐकलं, अर्ज वाचला, चौदा तारखेचं पान वाचलं, आणि अर्ज वहीत घालून दोन्ही आपल्या पिशवीत ठेवलं.

"पाच जूनला हजर राहा," ती म्हणाली. "सप्टेंबरपर्यंत काम आहे. आमचं पाणी याच्याहून गार असतं. आणि ती पोरगी, दगडाखालची, ती जगली?"

"जगली. दर साली कार्ड पाठवते."

गाईडांनी बाकं बडवायला सुरुवात केली. टेकेला एकदम कंठ फुटला आणि तो सावकाराच्या आवाजात, घड्याळाचे पैसे आता नॉर्वेहून पाठव, म्हणून ओरडू लागला. दलमान मात्र उभाच होता. आनंद झाला होता, पण तो अजून कुठं ठेवायचा ते त्याला सुचत नव्हतं.

"काय ठरलं?" भाउजूंनी विचारलं.

"घेतलं मला. असार ते भदौ."

"बरं झालं. जा." त्यांनी त्याच्यासमोरचं गार झालेलं ताट उचललं आणि चुलीकडे निघाल्या. मग थांबल्या, मागे न वळताच म्हणाल्या, "म्हणजे मंसिरात इथंच असशील."

"असेन."

"चौदाला मी फुलं घेऊन वर दगडांपर्यंत जाते. पाच वर्षं एकटीच जातेय. तू कधी आला नाहीस."

त्या वळल्या तेव्हा दलमानने पाच वर्षांत पहिल्यांदा त्यांच्याकडे सरळ बघितलं.

"यंदा येतो, भाउजू."

"ये," त्या म्हणाल्या, आणि त्याच्यासाठी गरम भात वाढायला गेल्या.